यंत्राची अक्षरओळख

टपालकचेरीत पत्रांची छाननी चाललेली पाहण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना छाननी करणाऱ्या माणसाच्या हातांच्या चपळाईचे नवल वाटले असेल. समोर खणांचे कपाट, हातात पत्रांचा गठ्ठा. एकेका पाकिटावर दृष्टी पडते न पडते तोच ते आपल्या खणात जाऊन बसते. परंतु खरे नवल हातांचे नसून डोळ्यांचे असते. एका पाकिटावर शाळकरी मुलाचे गोल, सुटे अक्षर. दुसऱ्यावर एखाद्या कारकुनाचे धावते अक्षर. तिसऱ्यावर वृद्धाच्या थरथरत्या हाताचे. कोणी शिरोरेघ देतो, कोणी तिला मुळीच जुमानीत नाही. कोणाची वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन पडते, तर कोणाचा अनुस्वार दोन अक्षरांच्या मध्येच कोठेतरी लटकत राहतो. तरीही तो माणूस ‘वाई’चे पत्र ‘वसई’च्या खणात टाकीत नाही. हे आपणास कसे साधते, असे त्याला विचारले, तर ‘सवयीने’ यापलीकडे त्याला उत्तर देता यावयाचे नाही.

जे माणसाला सवयीने येते पण सांगता येत नाही, ते यंत्राला शिकवावे कसे? आपल्या देशातील संशोधक गेली पन्नासांहून अधिक वर्षे या प्रश्नाशी झगडत आहेत. भारतीय लिप्यांतील हस्ताक्षर संगणकाला वाचता यावे, या खटपटीचा इतिहास मला आज सांगावयाचा आहे. हा इतिहास यंत्राचा आहे हे खरे. परंतु तो जसजसा उलगडत जातो तसतसे असे दिसू लागते की, तो माणसाच्या वाचण्याचाही इतिहास आहे, आणि मराठी माणसाला तर त्यातून एक इशाराही मिळण्यासारखा आहे.

टपालापासूनच आरंभ करू. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात सहा अंकी पिनकोड सुरू झाला. त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने केली, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते; ते संस्कृतचे कवी होते, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. एकाच नावाची अनेक गावे, अर्धवट पत्ते, आणि छाननी करणाऱ्यास अपरिचित असलेल्या लिप्या, या तिन्ही अडचणींवर त्यांनी अंकांचा तोडगा काढला. पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन अंक मिळून छाननीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन नेमके टपालघर दाखवितात. लिपी कोणतीही असो, दहा अंक ओळखता आले की पत्र बरोबर वाटेला लागावे, अशी ही कल्पना. १९९० च्या दशकात मुंबई व मद्रास येथे पत्रछाननीची स्वयंचलित यंत्रे बसली, तेव्हा हेच अंक यंत्राला वाचता यावेत, ही इच्छा होणे स्वाभाविकच होते.

येथे थोडे थांबून यंत्र ‘पाहते’ म्हणजे काय करते, ते समजून घेतले पाहिजे. कागदाचे छायाचित्र संगणकात गेले, की त्याची बारीक चौकटींची जाळी होते. प्रत्येक चौकटीत काळेपणाचे प्रमाण सांगणारी एक संख्या असते. आपल्याला जेथे ‘क’ दिसतो, तेथे यंत्राला संख्यांचा एक तक्ता दिसतो. आणि त्याच माणसाने पुन्हा ‘क’ लिहिला, तर तो तक्ता निराळा असतो. छापील अक्षराच्या बाबतीत ही अडचण सोसण्याजोगी असते, कारण एका खिळ्याचे सर्व ठसे जवळजवळ सारखे. हस्ताक्षराला मात्र खिळा नसतो. फोनच्या काचेवर बोटाने लिहिलेले अक्षर यंत्राला त्यामानाने सोपे जाते, कारण रेघ कोठे सुरू झाली, कोणत्या दिशेने वळली आणि हात केव्हा उचलला, हे सारे त्याला लिहिण्याच्या ओघातच कळते. २०१५ साली गूगलने अशा रीतीने बोटाने लिहिण्याची सोय ८२ भाषांसाठी उपलब्ध केली. कागदावर लिहून झालेले अक्षर म्हणजे मात्र वाळलेली शाई. हात कसा फिरला असेल, हे त्यावरून ताडावे लागते. आपला मुख्य विषय हे वाळलेले अक्षर होय.

भारतात संगणकाचे आगमन १९५५-५६ च्या सुमारास कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये झाले. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक उभा राहिला. तो आपल्याच लोकांनी रचलेला होता. त्या कामाचे नेतृत्व करणारे रंगस्वामी नरसिंहन यांनी पुढे एक महत्त्वाचा विचार मांडला. वाक्याला जसे व्याकरण असते तसे चित्रालाही असते; चित्र हे लहान लहान अवयवांचे बनलेले असून त्या अवयवांच्या जुळणीचे नियम सांगता येतात, असा तो विचार. हाताने लिहिलेली सुटी इंग्रजी अक्षरे या पद्धतीने ओळखण्याची एक योजना त्यांनी रेड्डी या सहकाऱ्यासह १९७१ साली प्रसिद्ध केली. ज्या देशात व्याकरण हे शास्त्रांत अग्रगण्य मानले गेले, तेथे अक्षरालाही व्याकरण शोधण्याची बुद्धी व्हावी, यात फारसे आश्चर्य नाही.

हाच विचार देवनागरीला लावण्याचे काम लवकरच सुरू झाले. कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा यांनी १९७३ साली देवनागरीच्या यांत्रिक ओळखीवर प्रबंध लिहिला. महाबल यांच्यासह लिहिलेला त्यांचा या विषयावरील निबंध १९७९ साली प्रसिद्ध झाला. दरम्यान सेठी आणि चटर्जी या दोघांनी १९७६ साली हाताने लिहिलेल्या देवनागरी अंकांवर, आणि १९७७ साली हाताने लिहिलेल्या देवनागरी अक्षरांवर निबंध लिहिले. त्यांची रीत समजण्यास सोपी आहे. आडवी रेघ, उभी रेघ, डावीकडे वा उजवीकडे कललेली रेघ, निरनिराळ्या बाजूंना उघडी असणारी वळणे, असे मोजके अवयव त्यांनी ठरविले. अक्षरात कोणता अवयव आहे, तो कोठे आहे आणि कोणाला जोडलेला आहे, असे प्रश्न यंत्र एकामागून एक विचारीत जाते. वाट दर प्रश्नाला फुटते आणि शेवटी एका अक्षरापाशी येऊन थांबते.

या निबंधाच्या शीर्षकात एक प्रामाणिक शब्द आहे. ‘मर्यादित’ रीतीने लिहिलेली अक्षरे, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे लिहिणाऱ्याने काही शिस्त पाळावयाची: अक्षर सुटे काढावयाचे, रेघा स्पष्ट काढावयाच्या. प्रयोगशाळेत ही शिस्त पाळता येते. सावकाराच्या वहीत, मामलेदाराच्या शेऱ्यात किंवा बहिणीने भावास लिहिलेल्या पत्रात ती कोण पाळणार?

देवनागरीच्या स्वभावातच काही अडचणी आहेत. रोमन लिपीत अक्षरे एकापुढे एक उभी राहतात. आपल्या लिपीत ती तीन मजल्यांवर राहतात. मधल्या मजल्यावर अक्षराचे शरीर, शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, आणि पायाशी उकार व ऋकार. वेलांटी कोणत्या अक्षराची, हे केवळ जवळिकीवरून ठरत नाही. त्यात जोडाक्षरांची भर पडते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांत मूळ अक्षरे ओळखूही येत नाहीत. ‘द्ध’ आणि ‘द्य’ यांत ती एकमेकांच्या कुशीत शिरतात. ‘र’ तर बहुरूपीच आहे: ‘प्र’मध्ये तो तिरकी रेघ होतो, ‘ट्र’मध्ये पायाशी टोपी होऊन बसतो, ‘र्क’मध्ये डोक्यावर चढतो आणि मराठीतल्या ‘दुसऱ्या’ या शब्दात निराळेच रूप घेतो. स्वर व व्यंजने मिळून पन्नासच्या आसपास अक्षरे शिकलेल्या मुलाला प्रत्यक्षात शेकडो आकृती ओळखाव्या लागतात. मूल त्या कधी शिकते, हे मुलालाही कळत नाही आणि मास्तरांनाही कळत नाही.

लिपीतील ही संदिग्धता यंत्र येण्यापूर्वीही लोकांच्या ध्यानात आलेली होती. सैल हाताने लिहिलेला ‘ख’ हा ‘र’ आणि ‘व’ असा दुभंगतो, म्हणून १९५३ साली लखनौस भरलेल्या लिपिसुधारणेच्या परिषदेत ‘ख’चे दोन्ही भाग खालून जोडण्याचे ठरले. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ या जोड्यांची गोष्टही अशीच. एका लहानशा घुंडीवर सारा निवाडा. माणूस येथे अडखळत नाही, कारण तो केवळ अक्षर पाहत नसतो. ‘खाणे’ या शब्दाच्या जागी ‘रवाणे’ असे कोणी लिहीत नाही, हे त्याला ठाऊक असते. शब्द ओळखीचा असला की अक्षर आपोआप ओळखीचे होते.

हीच गोष्ट केनेथ सेअर या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७३ साली एका विरोधाभासाच्या रूपाने मांडली. हस्ताक्षरातील शब्द वाचावयाचा तर आधी त्यातील अक्षरे एकमेकांपासून तोडली पाहिजेत. परंतु ती कोठे तोडावयाची हे कळण्यासाठी आधी ती वाचता आली पाहिजेत. आपल्याकडे ‘आधी कोंबडी की आधी अंडे’ असे म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. नियमांच्या मार्गाने गेलेल्या सर्व योजना शेवटी या एकाच दगडावर ठेचाळल्या.

छापील अक्षरांपुरता मार्ग मात्र मोकळा होत गेला. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधील विद्युत्‌वरण चौधुरी आणि उमापद पाल यांनी १९९० च्या दशकात बंगाली व देवनागरी या दोन्ही लिप्यांतील छापील मजकूर वाचणारी व्यवस्था सिद्ध केली. त्यांनी लिपीच्या स्वभावाचाच उपयोग करून घेतला. या दोन्ही लिप्यांत शिरोरेघ असते. ती ओळीतील सर्वांत काळी आडवी पट्टी म्हणून यंत्राला सहज सापडते. ती सापडली की शब्द कोठे सुरू झाला आणि कोठे संपला, हे कळते. ती पुसून टाकली की अक्षरे तोरणातील पानांसारखी सुटी होतात. छापील पानावर ही युक्ती फार उत्तम चालते. हस्ताक्षरात मात्र शिरोरेघ कधी चढते, कधी उतरते, कधी तुटते, आणि कित्येकांच्या लेखनात ती नसतेच.

याच संस्थेत हस्तलिखित अंकांचे जे काम झाले, ते मला विशेष बोधप्रद वाटते. भट्टाचार्य आणि चौधुरी यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधासाठी १,०४९ माणसांच्या हातचे २२,५५६ देवनागरी अंक गोळा करण्यात आले होते, आणि त्यांतील पुष्कळसे टपालातील पाकिटांवरून व नोकरीच्या अर्जांवरून घेतलेले होते. म्हणजे यंत्रासाठी मुद्दाम नेटके लिहून दिलेले ते अंक नव्हते. पोटापाण्याच्या धांदलीत लिहिलेले होते. तेथे एक अस्सल भारतीय अडचण उभी राहिली. आपल्याकडे एकाच पिनकोडात काही अंक देवनागरी आणि काही इंग्रजी लिहिणारी माणसे आहेत. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ यांच्यातील साम्य प्रसिद्ध आहे. बंगाली चार हा इंग्रजी आठासारखा आणि बंगाली सात हा इंग्रजी नवासारखा दिसतो. तेव्हा हा अंक कोणता, याआधी हा अंक कोणत्या लिपीतला, हे ठरविण्याची पाळी येते. वेलणकरांनी लिप्यांच्या गोंधळातून सुटण्यासाठी अंक योजिले. परंतु लिपी अंकांच्याही आधी तेथे येऊन बसलेली होती.

एव्हाना शिकविण्याची रीतच पालटली होती. १९८९ साली अमेरिकेत यान लकून आणि त्यांचे सहकारी यांनी बफेलो येथील टपालावरचे हस्तलिखित अंक ओळखणारी एक व्यवस्था तयार केली. तिला आडव्या-उभ्या रेघांचे नियम कोणी सांगितलेले नव्हते. तिच्यापुढे हजारो अंक ठेवण्यात आले आणि प्रत्येकासोबत त्याचे खरे नाव सांगण्यात आले. चूक झाली की तिच्या आतील असंख्य लहान संख्या थोड्याथोड्या बदलावयाच्या, आणि पुन्हा विचारावयाचे. मेंदूतील मज्जापेशींच्या जाळ्यावरून सुचलेली ही रचना. पुढे २००६ च्या सुमारास अशी रीत निघाली की, अक्षरे न तोडता संपूर्ण ओळच यंत्रापुढे ठेवावी आणि ओळीत कोणती अक्षरे कोणत्या क्रमाने आहेत एवढेच सांगावे. कोणते अक्षर कोठे संपते, ते यंत्राने स्वतःच जुळवून घ्यावे. सेअर यांच्या विरोधाभासाची गाठ अशा प्रकारे सुटली नाही, परंतु तिला वळसा घालून पुढे जाता आले.

आता यंत्राला नियम नकोत, उदाहरणे हवीत, असे झाले. उदाहरणे म्हणजे केवळ चित्रे नव्हेत. प्रत्येक चित्रापुढे ‘हे अमुक’ असे माणसाने लिहून ठेवलेले हवे. नेपाळमधील संशोधकांनी २०१५ साली हाताने लिहिलेल्या देवनागरी अक्षरांच्या ९२,००० प्रतिमांचा संग्रह सर्वांसाठी खुला केला. हैदराबादच्या आयआयआयटी या संस्थेतून २०२१ साली आठ भारतीय लिप्यांतील आठ लाखांहून अधिक हस्तलिखित शब्दांचा संग्रह प्रसिद्ध झाला; तो १३५ जणांच्या हातचा आहे. या श्रमांचे मोल फार मोठे आहे. परंतु त्यांच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. नेपाळच्या त्या संग्रहात ३६ व्यंजने आणि १० अंक असे ४६ प्रकार आहेत. त्यांत स्वर नाहीत, मात्रा नाहीत, आणि नेपाळीला लागत नाही म्हणून ‘ळ’ही नाही. केवळ या संग्रहावर शिकलेल्या यंत्रापुढे आपण ‘बाळ’ लिहिले, तर ते बिचारे काय करणार? जे त्याला कोणी दाखविलेच नाही, ते त्याच्या लेखी जगात नसतेच.

या संग्रहावर शंभरात अठ्ठ्याण्णव अक्षरे अचूक ओळखल्याची नोंद आहे. हा आकडा ऐकून समाधान वाटते. पण थोडा हिशेब करून पाहावा. दर अक्षराला शंभरात दोन चुका, असे धरले, तर पाच अक्षरांच्या शब्दात एकही चूक नसण्याचा संभव शंभरात सुमारे नव्वद. म्हणजे दर दहा शब्दांत एक शब्द चुकणार, आणि दोनशे शब्दांच्या पत्रात वीस. चुकलेला शब्द जर ‘आणि’ असला तर काही बिघडत नाही. तो गावाचे नाव, रक्कम किंवा शेताचा सर्व्हे नंबर असला, तर मात्र सारेच बिघडते.

आणि येथेच मला त्या इशाऱ्याकडे यावयाचे आहे. आज हाताने लिहिलेले देवनागरी वाचणारी माणसे कोट्यवधी आहेत. यंत्र चुकले तर त्याचा कान धरणारे घरोघर आहेत. मोडीची गोष्ट तशी नाही. कित्येक शतके मराठी राज्यकारभार, जमाखर्च, करारमदार आणि घरगुती पत्रे मोडीत लिहिली गेली. छापखान्याने बाळबोध लिपी पत्करली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतूनही मोडी नाहीशी झाली. परंतु कागद राहिले. पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला जुनी माणसे पेशवे दफ्तर म्हणतात, रुमालांच्या रांगाच्या रांगा आहेत. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात त्या आहेत. महाराष्ट्राबाहेर बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर या संस्थानांच्या दफ्तरांत आणि दूर दक्षिणेस तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागद आहेत. शिवाय कित्येक घरांच्या माळ्यावरील पेटीत आजोबा-पणजोबांचे कागद फडक्यात बांधून ठेवलेले असतात. ते टाकवतही नाहीत आणि वाचवतही नाहीत.

मोडी ही यंत्राची कसोटीच पाहते. बोरू न उचलता लिहिता यावे यासाठी ती घडलेली; त्यामुळे व्यंजनाला स्वर लागला की दोहोंचे मिळून नवेच वळण होते. लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा मारून घेई आणि मग त्यांच्याखाली अक्षरे लिहीत जाई. म्हणून देवनागरीत शब्दाची हद्द सांगणारी शिरोरेघ येथे काहीच सांगत नाही. ती कागदाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत अखंड धावते आणि शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडी सहसा पाळीत नाही. ‘सुत’ म्हणजे मुलगा की ‘सूत’ म्हणजे धागा, हे आशयावरूनच समजावयाचे. अक्षरे लागली तरी काम संपत नाही. कागदावर ‘अर्बा सबैन अलफ’ असे साल आले, तर ते अरबी संख्याशब्दांत सांगितलेले शुहूर सन १०७४ आहे, आणि त्यात ५९९ मिळविले की इसवी सन १६७३ येते, तेही मृगापासून पुढे मोजून, हे वाचणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

हे ज्ञान ज्यांच्याजवळ होते, त्यांनी केलेल्या कामाचे स्मरण येथे केले पाहिजे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून मिळविलेल्या कागदांचा पहिला खंड १८९८ साली काढला आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड सिद्ध केले. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० पासून १९३४ पर्यंतच्या काळात प्रसिद्ध झाले. दफ्तराच्या मानाने ही निवड ओंजळभरच; तरीही मराठ्यांच्या इतिहासाची इमारत तिच्या पायावर उभी आहे. या मंडळींनी संगणकाचे नावही ऐकलेले नव्हते. परंतु ज्या ज्या ठिकाणी मूळ मोडी कागद आणि त्याचा नागरी पाठ अशी जोडी आज आपणापाशी शिल्लक आहे, ती प्रत्येक जोडी म्हणजे यंत्रासाठी तयार करून ठेवलेला धडा आहे. आपण पुढल्या पिढीतील इतिहासकारासाठी लिहीत आहोत, असे त्यांना वाटत होते. त्यांच्या नकळत ते यंत्राचे पंतोजीही झाले.

यंत्राच्या बाजूनेही तयारी झाली आहे. २०१४ साली मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. त्यामुळे मोडी अक्षर मोडी म्हणून साठविण्याची जगभर मान्य असलेली सोय झाली. २०२५ साली मोडी कागदांच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा, त्यांच्या जाणकारांनी तपासलेल्या देवनागरी पाठांसह, संशोधनासाठी प्रसिद्ध झाल्या. आरंभ चांगला आहे. परंतु दोन हजार कोठे आणि दफ्तरखान्यांतील कागदांची ती रास कोठे!

गरज तर दाराशी येऊन उभी आहे. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी शासनाने समिती नेमली, तेव्हा जुनी नोंदवहीपत्रके उघडली गेली आणि त्यांतील मोडी वाचणारी माणसे शोधण्याची पाळी आली. मोडी हा केवळ इतिहासकारांचा छंद नाही, हे त्या वेळी पुष्कळांच्या ध्यानात आले. कोणाच्या जमिनीचा, कोणाच्या जातीच्या दाखल्याचा, कोणाच्या वतनाचा आधार त्या न वाचलेल्या ओळींत आहे.

अशा वेळी ‘यंत्र येत आहे, ते वाचील’ असे म्हणून निश्चिंत होण्याचा मोह होतो. मला त्यात दुहेरी धोका दिसतो. पहिला असा की, यंत्राला शिकविण्यासाठी, आणि त्याहीपेक्षा ते चुकले हे ओळखण्यासाठी, मोडी जाणणारी माणसेच लागतात. वाचक संपल्यावर यंत्र आले, तर ते जे सांगेल त्यास ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारा कोणीच उरणार नाही. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. जुने संपादक कागद फाटलेला असला, अक्षर पुसट असले, तर तेथे टिंबे देत. ‘येथे मला लागत नाही’ अशी ती नम्र कबुली असे. अलीकडची यंत्रे भाषेच्या सवयीवरून पुढचा शब्द ताडतात. त्यामुळे जेथे अक्षर दिसत नाही तेथेही ती एखादा शोभेसा शब्द बसवितात, आणि वाक्य इतके सुघड होते की शंका येऊ नये. पत्राची छाननी चुकली तर पत्र परत येते. दफ्तरातील एक ओळ अशा रीतीने चुकली, तर ती पुराव्याचे रूप घेऊन पुढे चालू लागते.

म्हणून मोडीचे वर्ग चालविणे आणि यंत्राचे संशोधन चालविणे ही दोन कामे परस्परविरोधी नसून एकाच कामाची दोन अंगे आहेत, असे मला वाटते. आज ज्यांना मोडी येते, त्यांच्याकडून वाचून घेतलेला प्रत्येक कागद मूळ प्रतिमेसह जपून ठेवला जावा. ज्या घरांत रुमाल आहेत, त्यांनी ते एखाद्या जाणकाराला दाखवावेत. आणि यंत्राला टिंबे देण्याची, म्हणजे आपले अज्ञान कबूल करण्याची, शिकवण आधी द्यावी, अक्षरओळख त्यानंतर.

छाननी करणाऱ्या त्या माणसाला आपण कसे वाचतो हे सांगता येत नव्हते. पन्नास वर्षांच्या संशोधनानंतर आपल्यालाही ते पुरतेपणी सांगता येत नाही. मात्र ते दाखविता येते, एकाने दुसऱ्याला, उदाहरणाने. मूल असेच शिकते, यंत्रही तसेच शिकते. तेव्हा जोवर दाखविणारे आहेत, तोवरच हा धडा गिरवून घेतला पाहिजे.